दगडाची भिंत आणि भिंतीवरचा दगड

गेल्या महिन्यात एका रविवारी बाबा कोपरखैरण्याहून आमच्याकडे नेरुळला आले. चहा झाला, पेपर झाला, सूनबाईच्या पोह्यांचं कौतुक झालं. मग उठले आणि टीव्हीमागच्या आमच्या लाडक्या दगडी भिंतीपाशी जाऊन बोटाने टकटक करायला लागले. कलिंगड घेताना करतात ना, अगदी तसं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. एका जागी थांबले.

"पोकळ वाजतंय रे हे."

"बाबा, नॅचरल स्टोन आहे तो. असाच आवाज येतो." हे मी ज्या आत्मविश्वासाने म्हणालो, त्या आत्मविश्वासाने एरवी मी फक्त ऑफिसात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' एवढंच म्हणतो.

"दगड हाय ते दिसतंय मला. तो कशाला चिकटलाय ते विचारतोय."

पुढच्या पंधरा दिवसांत उत्तर मिळालं. रात्री दीड वाजता धाडकन आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर दोन पट्ट्या खाली. टीव्ही वाचला, त्याच्या खालचा स्पीकर गेला, आणि लादीला एक टवका. कोणाला लागलं नाही हे नशीब. संध्याकाळी त्याच जागी शेजारच्यांची तीन वर्षांची पोरगी बसून रंगवत होती. तो विचार अजून जात नाही डोक्यातून.

तर आजचा विषय हा. घरातल्या भिंतीला दगड चिकटवावा का? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच सटकावं. दगड जिथे काही काम करतो तिथे जरूर लावा. जिथे त्याला फक्त फोटोत दिसायचंय, तिथे लावू नका. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

आमचा फ्लॅट रिसेलचा. जुनं बांधकाम, विटांच्या भिंती, वर कित्येक वर्षांच्या डिस्टेंपरचे थर. २०२३ मध्ये घेतला. लोन मंजूर झाल्याच्या आनंदात माणूस काय काय करतो! बायकोने आणि मी मिळून रात्र रात्र जागून इंटेरिअरचे फोटो बघितले. प्रत्येक फोटोत एक गोष्ट सारखी: पिवळसर खडबडीत दगडाची एक भिंत, वरून तिच्यावर तिरका सोडलेला दिवा. आमचं ठरलं. दिवाळीच्या आधी राजस्थानी सँडस्टोनच्या पट्ट्या आल्या. दगड पावणेदोनशे रुपये स्क्वेअर फूट, लावणावळ वेगळी. चार दिवसांत भिंत उभी. घरभरणीला आलेला प्रत्येक जण तिच्यापुढे उभा राहून फोटो काढून गेला. खोटं कशाला बोलू, मला जाम भारी वाटलं होतं.

आणि त्याच वर्षी, बहुतेक त्याच महिन्यात, गावाकडे आमच्या जुन्या घराची दगडी भिंत पाडली. माण तालुक्यातलं आमचं गाव. पणजोबांच्या वेळचं घर, वर मातीचं माळवद, भिंती काळ्या दगडाच्या, दोन फूट जाड. माळवद गळायचं, दर उन्हाळ्यात वर माती टाकायला गावात माणसं उरली नव्हती. चुलत्यांनी स्लॅबचं घर बांधायला काढलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिथे राहायचं त्यांना आहे, मला फक्त गणपतीत सेल्फी काढायचा असतो. दगड निघाला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे बाराशे रुपयांनी गेला. म्हणजे बघा, घराण्याचा दगड ट्रॉलीच्या भावाने विकला आणि परक्याचा दगड फुटाच्या भावाने विकत आणला. हा हिशोब तेव्हा मांडला असता तर बरं झालं असतं. तेव्हा मी दिव्याचा अँगल ठरवत होतो.

पट्ट्या पडल्यावर बाबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले, सोबत एक ओळखीचे मिस्त्री. बाबांची सगळी हयात वाशीच्या दाणा मार्केटात माथाडी म्हणून गेली. आधी क्विंटलच्या गोण्या, मग पन्नास किलोच्या. वजनाचा अंदाज हा त्यांच्या पाठीत आहे. त्यांनी एक पट्टी हातात तोलली, भिंत नजरेने मोजली आणि म्हणाले, "पंधरा गोण्या असतील." मी मनात हसलो आणि मोबाइलवर गणित मांडलं. भिंत ११ फूट बाय ९ फूट, म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. दगड सरासरी २० मिलिमीटर जाड. सँडस्टोनचं वजन घनमीटरला २३०० किलोच्या आसपास धरलं तर चौरस मीटरला ४६ किलो. मागचा सिमेंटचा मसाला आणखी ३५ किलो धरा. गुणाकार केला, साडेसातशे किलो! भागिले पन्नास.. पंधरा गोण्या. बी.ई. झालेल्या पोराने तोंड बंद केलं.

मिस्त्रींनी उरलेल्या पट्ट्या काढल्या तेव्हा आतलं सगळं बाहेर आलं. एक, जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडलाच नव्हता. म्हणजे दगड भिंतीला चिकटलाच नव्हता, रंगाला चिकटला होता. दोन, मसाला पूर्ण पाठीला लावायच्या ऐवजी पाच पाच ठिपके ठेवून पट्टी दाबली होती. बाबांना जे पोकळ वाजत होतं ते हेच. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीच्या पलीकडे बाथरूम. आतल्या पाइपचा जोड झिरपत होता. साधा रंग असता तर महिन्याभरात पोपडे आले असते, आम्ही प्लंबरला बोलावलं असतं, पाचशे-हजारात विषय संपला असता. दगडाने ती ओल दोन पावसाळे झाकून ठेवली. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एरर गिळून टाकणारा कोड आपण सगळ्यांनी कधीतरी लिहिलाय. स्क्रीन कशी छान हिरवीगार दिसते, आणि एक दिवस मध्यरात्री फोन वाजतो.

पट्ट्यांच्या कडांना पांढरी भुकटी दिसायची. ती मी वर्षभर धूळ समजून पुसत होतो. तो लोणा. सिमेंटमधले, विटेतले क्षार ओलीत विरघळतात, पाणी दगडाच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि मीठ मागे राहतं. सँडस्टोन सच्छिद्र असतो, त्यामुळे ते मीठ कधी कधी आतल्या छिद्रांतच गोठतं आणि दगडाची सालं काढतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खाडीची खारट हवा. राजस्थानातल्या कोरड्या हवेत शतकानुशतकं टिकलेला दगड इथे दमट भिंतीवर आणून चिकटवला तर तो तसाच वागेल, ही अपेक्षाच चूक.

आता काही जण म्हणतील की दगड चिकटवणं हा मुळातच खोटेपणा आहे. दगडाची भिंत असावी, भिंतीवर दगड नसावा. मलाही दोन दिवस रागाच्या भरात असंच वाटत होतं. पण थोडं वाचल्यावर कळलं की इतकं सोपं नाही. ताजमहाल घ्या. आत वीट आणि चुना, बाहेरून संगमरवर. म्हणजे क्लॅडिंगच की! आपलं गेट वे ऑफ इंडिया घ्या. १९२४ मध्ये पूर्ण झालं. मालाडजवळच्या खारोडीचा पिवळसर दगड आणि त्याच्या जोडीला चक्क आरसीसी. तेव्हा काँक्रीटच्या सांगाड्यावर दगड ही काही आपल्या पिढीची फॅशन नव्हे, शंभर वर्षं झाली त्याला. आणि ते पडलेलं नाही. समोर समुद्र आहे, पावसाळ्यात लाटा थोबाडीत मारतात, तरी उभं आहे.

उलट सगळी अक्कल, सगळा पैसा असूनही फसल्याचं उदाहरण शिकागोत आहे. तिथे १९७३ च्या सुमारास ८३ मजली एक टॉवर उभा राहिला, आज त्याला एऑन सेंटर म्हणतात. त्याला बाहेरून इटलीतल्या कराराचा पांढरा संगमरवर लावला, जेमतेम सव्वा ते दीड इंच जाड. असे ४३ हजार पट्टे. बांधकाम चालू असतानाच एक पट्टा सुटून शेजारच्या इमारतीच्या छतात घुसला. पुढे थंडी-उन्हाने बाकीचे पट्टे पापडासारखे वाकायला लागले. शेवटी १९९० ते ९२ या काळात सगळा संगमरवर उतरवून जाड ग्रॅनाइट बसवावा लागला. खर्च आठ कोटी डॉलरच्या वर. कारणं बघा: दगड पातळ, हवामानाशी न जुळणारा. माझ्या हॉलमधलीच चूक, फक्त ८३ मजली.

म्हणजे प्रश्न चिकटवण्याचा नाहीच. प्रश्न हा की तो दगड तिथे काय करतोय.

गावच्या भिंतीकडे बघा. दोन बाजूंनी दगडांच्या रांगा, मध्ये चिपा आणि माती, आणि मधून मधून या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा एक लांब दगड, दोन्ही रांगा बांधून ठेवायला. ती भिंत माळवदाचं वजन पेलायची. मे महिन्यात दुपारचं ऊन तिला तापवत बसायचं, ते आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि आम्ही तोवर अंगणात झोपलेलो असायचो. दोन फुटांच्या वस्तुमानाची ही करामत. वीस मिलिमीटरला ती जमत नाही. आम्हाला मात्र विकताना सांगितलं होतं, 'सर, स्टोनने घर थंड राहतं.' अहो, दगडातून उष्णता मस्त वाहते. हल्ली भिंतींना वापरतात तो हलका राखाडी सिपोरेक्सचा ब्लॉक दगडाच्या दहाएक पट चांगला उष्णतारोधक आहे. शिवाय माझी भिंत घराच्या आत होती, तिच्यावर ऊनच येत नव्हतं! थंड काय करणार, बाथरूमला?

दुसरा मुद्दा आपल्या जागेचा. आपण राहतो कशावर? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचा काळा दगड झाला. सह्याद्री तोच, पारसिकची टेकडी तीच, आणि माझ्या गावची भिंतही त्याचीच. बेलापूरच्या किल्ल्याचे जे काही अवशेष खाडीकाठी उरलेत, ते दगडाचेच. मुंबईत काळा घोड्याचं म्युझिअम बघा, कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. त्या काळच्या लोकांनी लांबून आणलं नाही असं नाही, पण आधी हाताशी काय आहे ते बघितलं. आपण काय केलं? ठाणे-बेलापूर रोडने जाताना तुर्भ्याच्या पूर्वेला बघा, टेकड्यांचे लचके तोडलेले दिसतात. तो दगड खडी होऊन आपल्याच स्लॅबमध्ये, आपल्याच रस्त्यात गेलाय. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटनही झालं. त्या विमानाने मीही जाणार आहे, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही. पण गंमत आहे की नाही? इथल्या डोंगराचा चुरा करून त्याचं काँक्रीट करायचं, ते काँक्रीट रंगवायचं, आणि मग घर 'नॅचरल' दिसावं म्हणून हजार किलोमीटरवरून दुसऱ्या डोंगराची सालं आणून चिकटवायची.

काळा दगड घरात उदास दिसतो, असं आमची ही म्हणाली होती. मीही मान डोलावली होती. तिला मग पुण्याला आयुकात घेऊन गेलो. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं ते संकुल चार्ल्स कोरियांनी रचलं, म्हणजे नवी मुंबईचा आराखडा मांडणाऱ्यांपैकीच एक. तिथल्या भिंतीत खाली खडबडीत काळा बेसॉल्ट, त्यावर कडाप्पा, त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट. काळ्यावर काळा, त्यावर काळा. खाली जमीन, वर जाता जाता अंतराळ, अशी काहीशी कल्पना. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याचा कडाप्पा तिथे आकाश होऊन बसलाय! ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या फोटोंमध्ये हे नव्हतं." खरंय. ज्या फोटोंवरून आपण घर सजवतो, त्यात आपलं गाव, आपलं हवामान, आपला दगड यांपैकी काहीच नसतं.

आता तिसरा मुद्दा, जो लिहायला मला सगळ्यात जड जातोय.

२०२३ मध्ये आमच्या पट्ट्या लावायला दोन पोरं आली होती. विशीतली असतील. दगड कापायचं काम त्यांनी गॅलरीत केलं, हातातल्या कटरने, कोरडं. पाणी वापरलं की चिखल होतो आणि वेळ जातो. गॅलरीत पिवळा ढग. तोंडाला गमछा, बस. मी तेव्हा बेडरूममध्ये दार लावून कॉलवर होतो. कटरचा आवाज वाढला तसा मी म्युट केलं आणि चॅटवर लिहिलं, 'सॉरी, घरी काम चालू आहे.' झालं. माझा त्या ढगाशी एवढाच संबंध.

सँडस्टोन म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. राजस्थानात खाणीत आणि दगडाच्या कामात इतकी माणसं त्याने गेली आहेत की तिथल्या सरकारला २०१९ मध्ये खास सिलिकोसिससाठी धोरण आणावं लागलं. ऑस्ट्रेलियाने ओट्यासाठी वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदीच घातली, कारण तो कापणारे तरुण कारागीर आजारी पडत होते. गमछ्याने ती धूळ अडत नाही. पाण्याची धार सोडून कापलं आणि नीट बसणारा मास्क दिला तर पुष्कळ फरक पडतो. एक बादली पाणी आणि अर्धा दिवस जास्त. मी हे विचारलंच नाही. दिव्याच्या अँगलवर मी तासभर वाद घातला होता.

मग करायचं काय? मी आता लोकांना चार प्रश्न विचारतो. (न विचारता सल्ला द्यायचा आजार मला आहेच.)

पहिला: दगड तिथे कुठलं काम करणार? सोसायटीच्या दाराचा खांब, जिन्याच्या बाजूची भिंत, बंगल्याचं जोतं, कुंपण, जिथे सायकली घासतात, पाय लागतात, पाऊस मारतो, तिथे दगड राजा. रंग दरवर्षी हरतो, काळा दगड हरत नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे त्याला कोणी घासत नाही की भिजवत नाही. तिथे त्याचं एकच काम, धूळ धरणं. ते मात्र तो इमानेइतबारे करतो.

दुसरा: मागे काय आहे? पलीकडे बाथरूम, पाण्याची पाइप किंवा पावसाच्या तोंडची बाहेरची भिंत असेल तर आधी ओल बंद करा, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मगच दगडाचा विचार करा.

तिसरा: कशाने धरलाय? जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडायचा, छिन्नीने खाचा पाडायच्या, मसाला पूर्ण पाठीला लावायचा. दगड जाड असेल किंवा उंचीवर जाणार असेल तर नुसत्या चिकटवण्यावर विसंबू नका, स्टेनलेस स्टीलचे क्लँप लावा. साधं लोखंड खाडीच्या हवेत किती टिकतं ते तुमच्या गॅलरीच्या ग्रिलला विचारा.

चौथा: कापणार कोण आणि कसा? पाणी लावून कापायचं, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या आणि त्याचे पैसे द्या. शक्य असेल तर कारखान्यातून मापात कापूनच मागवा.

चारही उत्तरं पटली तर खुशाल लावा, आणि लावायचाच तर इथला काळा दगड एकदा बघा तरी. माझ्या घराला चारही प्रश्नांत शून्य मार्क होते.

आमची भिंत आता रिकामी आहे. पाइप बदलला, गिलावा नवा केला, वाळू दिला, पांढरा रंग मारला. काढलेल्या पट्ट्या गोण्यांत भरून खाली नेताना बाबा मोजत होते. दगडाच्या आठ झाल्या. बाकीचा मसाला आणि रॅबिट. हमालाला पैसे देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्यायला लावले. "जिन्यावरनं दगूड उतरवणं सोपं नसतंय," एवढंच म्हणाले.

घरी आलेले लोक आता विचारतात, "अरे, ती दगडाची भिंत कुठे गेली?" मी सांगत बसतो. ऐकून झालं की बहुतेक जण घरी जाऊन एक गोष्ट करतात, असं त्यांनीच मला नंतर सांगितलंय. तुम्हीही करा. आज रविवार आहे, वेळ आहे. तुमच्या त्या लाडक्या भिंतीपाशी जा आणि बोटाने टकटक करून बघा. डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

आणि पोकळ वाजलं, तर निदान त्याच्याखाली पोरांना बसवू नका.